ट्रान्झिस्टरवरचा सामना: ऐकायचा कसा, लिहायचा कसा

टीव्ही घरोघरी येण्याआधी मुलांना खेळाचं वेड लागलं ते कानांतून. ते वेड टिकायचं, कारण ऐकणाऱ्याला हातानंही काही करावं लागायचं: स्टेशन पकडा, सेल जपा, धावा लिहा. त्या कामातली माहितगार मंडळी इथे लिहिती झाली आहेत. आठवणी सगळ्यांकडेच असतात, म्हणून इथे नेमकी कृती मागितली होती.

रेडिओ दुरुस्ती, कोल्हापूर

मीडियम वेव्हवर सामना ऐकताना लोक एरियलची दांडी बाहेर ओढतात. तिचा तिथे उपयोग नाही, ती शॉर्टवेव्हसाठी. मीडियम वेव्ह पकडते ती आतली फेराइटची काळी कांडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही कांडी बहुधा सेटच्या लांबीला समांतर असते. स्टेशनच्या दिशेला ती आडवी राहिली की आवाज भरून येतो, टोक स्टेशनकडे गेलं की आवाज मरतो. म्हणून सेट जागेवरच फिरवायचा. रात्री पुणे 792 किंवा मुंबई 558 किलोहर्ट्झवर लांबचं स्टेशन घुसून शिट्टी वाजायला लागली, तर कांडीचं टोक त्या घुसखोराकडे करा. शिट्टी बसते, समालोचन राहतं. दोन्ही स्टेशनं एकाच रेषेत असली तर मात्र इलाज नाही.

सेलचं. मोठे चार सेल, म्हणजे 6 व्होल्ट. सेल उतरले की आधी प्रेक्षकांचा कल्लोळ फाटतो, बोलणं नंतर. मोठ्या आवाजाला सेट जास्त करंट ओढतो, म्हणून कल्लोळ फाटला की आवाज कमी करा, दिवस निघून जाईल. उतरलेले सेल उन्हात ठेवले की आणखी थोडा वेळ चालतात हे खरं आहे, उबेनं आतला रोध कमी होतो. एक जुना नि तीन नवे असं कधी करू नका. जुना सेल उलटा चार्ज होतो आणि फुटून पाझरतो. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर साध्या सेलसाठी खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला कापूस फिरवा, कोरडं करा, मग बारीक पॉलिश पेपर. सामना संपला की सेल काढून ठेवायचे.

शॉर्टवेव्ह ऐकणारे, नागपूर

परदेशातल्या सामन्यांना घड्याळ आधी पाठ लागायचं. सिडनी-मेलबर्नला तिथल्या उन्हाळ्यात सकाळचे 11 म्हणजे आपले पहाटेचे 5:30. इंग्लंडला 11 म्हणजे दुपारचे 3:30. त्रिनिदादला सकाळचे 10 म्हणजे आपले संध्याकाळचे 7:30, म्हणजे अख्खी रात्र जागरण. एप्रिल 1976 मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला भारतानं 403 चं लक्ष्य गाठलं, 4 बाद 406, ते आपल्याकडे लोक झोपलेले असताना.

आवाज बुडाला की बटण फिरवायचं नाही, ही पहिली शिस्त. लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतते, थर हलतो, आवाज बुडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा वर येतो. तेवढ्यात काटा हलवला की स्टेशन हरवलं. 5 ते 10 मीटर तांब्याची तार गच्चीवर कपड्यांच्या दोरीला समांतर ताणून दांडीला चिमट्यानं जोडा. इनॅमलची तार असेल तर टोक खरवडलंच पाहिजे, नाहीतर लावली काय नि न लावली काय. गडगडाट सुरू झाला की तार सोडवा.

क्लब क्रिकेटचे स्कोअरर, मुंबई

मराठी समालोचन म्हटलं की बाळ ज. पंडित. धावचीत, पायचीत, निर्धाव षटक हे शब्द मुलांच्या तोंडी बसले ते रेडिओ ऐकून. वहीत मात्र खुणा हव्यात. धाव नाही तर टिंब. सहा टिंबं, तीन-तीनच्या दोन ओळींत, रेषेनं जोडली की एम, निर्धाव षटक. त्यातच बळी असेल तर डब्ल्यू.

चेंडू हुकायचेच. हिंदी-इंग्रजीची पाळी बदलताना, मधेच बातम्या लागताना. तेव्हा अंदाजानं भरू नये, चौकट कोरी ठेवावी. षटक संपल्यावर धावसंख्या सांगतात, ती मागच्यातून वजा केली की हुकलेल्या धावा मिळतात. स्ट्राइकवर कोण आलं यावरून एक होती की दोन तेही कळतं. शेवटी पडताळा: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण धावसंख्या. गोलंदाजांची बाजू जुळवताना बाय, लेगबाय वेगळे काढायचे. 1980 च्या दशकाआधीच्या वह्यांत वाईड आणि नोबॉलही गोलंदाजाच्या खात्यात नसत, म्हणून जुनी वही आजच्या हिशेबानं जुळत नाही.

आणखी एक गफलत. 1977-78 ला भारत ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा तिथे षटक आठ चेंडूंचं होतं. सहा चौकटींची छापील वही पहिल्याच षटकाला अपुरी पडायची. ज्यांनी हातानं चौकटी आखल्या त्यांचंच पान नीट राहिलं.

हॉकीबद्दल, पुणे

हॉकीत लिहायला वेळच नसतो. मैदान 100 बाय 60 यार्ड, म्हणून कागदावर 10 बाय 6 सेंटिमीटरचा आयत आखायचा, दोन्हीकडे 25 यार्डाची रेघ, गोलपुढे डी, म्हणजे अर्धगोल. पावट्याचा एक दाणा चेंडू म्हणून बोटानं सरकवत राहायचा. समालोचक 'राइट फ्लँक' म्हणाला की दाणा कडेला. बाजू बदलल्यावर कागद उलटा फिरवायचा, हे विसरलं की उजवीकडचा हल्ला डावीकडून दिसतो.

15 मार्च 1975, क्वालालंपूर, विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानविरुद्ध 2-1, आवाज जसदेव सिंगांचा. अशोक कुमारचा निर्णायक फटका खांबाला आतून लागून बाहेर आला आणि पंचांनी गोल दिला. अशा क्षणी दाणा डीमध्ये तसाच धरून थांबायचं, समालोचक गोल म्हणेपर्यंत आत सरकवायचा नाही.