शब्दचर्चा : 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

आमचा वाघ्या 11 वर्षांचा लॅब्रॅडोर. मागचे पाय संधिवातानं धरलेत. उठताना आधी पुढच्या पायांवर भार घेतो, मग मागचं अंग ओढत वर आणतो. इथे इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शन सुचवलंय, बेडिनव्हेटमॅब. ते नर्व्ह ग्रोथ फॅक्टरला अडवतं. आई सध्या आमच्याकडे आहे. तिला सांगितलं, "नसांची वाढ करणारा एक घटक असतो, त्याला हे औषध थांबवतं." ती म्हणाली, "अगं, नसांची वाढ थांबवली तर तो चालणार कसा?" मला उत्तर देता येईना. माझा शब्द चुकला का? आणि 'इन्फ्लमेशन' म्हणजे सूज, दाह की शोथ? वाघ्याच्या गुडघ्याला सूज तर दिसत नाही.

प्रतिसाद

ताई, आईंची शंका रास्त आहे. पहिली अडचण 'नस'. सलाईन लावताना "नस सापडत नाही" म्हणतात तेव्हा ती रक्ताची शीर असते, आणि "मानेची नस दबलीय" म्हणतो तेव्हा नर्व्ह. 'मज्जातंतू' सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मज्जा म्हणजे हाडातला गर. 'स्नायू' तर नकोच. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह, आपल्याकडे मसल. शाळेच्या पुस्तकातला 'चेतातंतू' मला सर्वात बरा वाटतो.

दुसरी अडचण 'वाढ'. हे नाव जन्मकथेतून आलंय. शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-माँताल्चिनी यांनी 1950च्या दशकात कोंबडीच्या गर्भातली चेतापेशींची गाठ उंदराच्या अर्बुदाजवळ (ट्यूमरजवळ) वाढवली, तर काही तासांत गाठीभोवती तंतूंचं प्रभामंडळ उगवलं. तेव्हा 'वाढीचा घटक' हे नाव चपखलच होतं. त्यासाठी त्यांना आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986चं नोबेल मिळालं. पण वाढ पुरी झालेल्या शरीरात, विशेषतः दुखावलेल्या सांध्यात, हाच घटक वेदनेच्या तंतूंना हळवं करतो. मग साधं पाऊल टाकलं तरी दुखतं. औषध अडवतं ते हे हळवेपण.

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजीत काम करते. यात प्रतिकारपेशींचा भाग सुटू नये, कारण 'दाह' हा शब्द तिथेच लागतो. 1977मध्ये लुईजी आलोए आणि लेव्ही-माँताल्चिनी यांनी नवजात उंदरांना हा घटक टोचला, तर ऊतींमधल्या मास्ट पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिकारपेशींची, संख्या वाढली. चेतासंस्थेचा मानलेला घटक प्रतिकारसंस्थेशीही बोलतो, हे तेव्हा कळलं.

मास्ट पेशीच्या नावाचीही गंमत आहे. इंग्रजीत मास्ट म्हणजे जहाजाची डोलकाठी, पण हा मास्ट जर्मन आहे, चारून पुष्ट करणं या अर्थाचा. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1878च्या प्रबंधात या पेशी वर्णिल्या. कणांनी ठासून भरलेल्या पाहून त्यांना त्या खाऊनपिऊन तट्ट झालेल्या वाटल्या. टोल्युइडीन ब्लू या निळ्या रंगात ऊतीचा पातळ काप लावलेली काच बुडवली की आजूबाजूचं सगळं निळं दिसतं आणि ते कण मात्र जांभळे. दर वेळी मी क्षणभर थांबून बघते.

चेतातंतूंचा घटक लागला की या पेशी ते कण बाहेर टाकतात. त्यांतल्या हिस्टामीननं रक्तवाहिन्या रुंदावतात. मास्ट पेशी हाच घटक स्वतःही सोडतात. त्यानं चेतलेले तंतू सबस्टन्स पी नावाचं रसायन सोडतात, आणि त्यानं मास्ट पेशी पुन्हा उचकतात. असं ते चक्र फिरत राहतं. यात डोळ्यांना सूज दिसेलच असं नाही. म्हणून सूज हे लक्षण, आणि सबंध प्रक्रिया ती दाह. 'शोथ'ही मुळात सूजच. 'संधिशोथ', 'आंत्रपुच्छशोथ' हे जोडशब्द रुळलेत, तिथे राहू द्यावा. दाह 'दह्'वरून, इन्फ्लमेशन लॅटिनमधल्या ज्वाळेवरून. दोन्हीकडे आगच.

प्रतिसाद

मग सरळ 'दाहवर्धक घटक' का म्हणू नये?

प्रतिसाद

नको. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवर हाच घटक दाह आवरताना दिसला आहे. शिवाय डोळ्याच्या बुबुळावरचे तंतू निकामी होऊन जखम भरत नसेल, तर याच घटकाचे थेंब घालतात. तिथे तो खरोखरच वाढवणारा आहे. आईंची काळजीही अगदी निराधार नव्हती. याच घटकाला अडवणाऱ्या, माणसांसाठीच्या टॅनेझुमॅब या औषधानं वेदना कमी झाल्या, पण काही जणांचे सांधे झपाट्यानं झिजले, आणि 2021मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी त्याच्या विरोधात कौल दिला. वाघ्याचं चालणं कसं बदलतंय यावर लक्ष ठेवा, डॉक्टरांना सांगत राहा.

शब्दाचं म्हणाल तर 'चेतातंतू-वर्धक घटक' लिहावं. बोलताना मात्र "वेदनेच्या तंतूंना चेतवणारा" म्हणावं. चेतवणं म्हणजे जागं करणं आणि पेटवणंही, दोन्ही अर्थ इथे बसतात.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज आईला म्हटलं, "दुखऱ्या सांध्यातले तंतू चेतलेत, त्यांना चेतवणाऱ्याला हे इंजेक्शन अडवतं." तिला पटलं. मी पुढे म्हटलं, "म्हणजे ठणका कमी होईल." त्यावर ती म्हणाली, "ठणका गळवाला असतो. सांध्याची ती कळ."