ले-आउटच्या फ्लेक्सवर क्यूआर कोड टाकला, पण स्कॅन कोणीच करून नाही राहिलं

आर्वीचा_प्लॉटवाला:
नमस्कार मंडळी. आर्वी-पुलगाव रोडला एका पार्टीचं ले-आउट आहे, मी तिथं प्लॉट विकतो. एनए (बिगरशेती) झालेलं आहे, महारेराचा, म्हणजे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे, रस्ते-नाल्यांचं काम सुरू आहे. मालकाच्या पोरानं रोडवर मोठा फ्लेक्स लावला. वर हिरवंगार लॉन, त्यावर गोरंपान कुटुंब (मे महिन्यात त्याच जागेवर असं बसून दाखवा म्हणा!), अन् खाली कोपऱ्यात दोन कोड, एक रेराचा, एक आमच्या व्हिडिओचा. फोन येतात, पण सारे नंबर पाहून. कोडवरून कोणीच येऊन नाही राहिलं. आता मालक म्हणते, कापसाचे चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) सुरू व्हायच्या आधी अजून फ्लेक्स छापू, पाम्प्लेट वाटू, सगळ्यावर कोड टाकू. मला तर हा फुकटचा खर्च वाटते. रेराचा कोड काढला तर चालते का? अन् आपल्याकडचं गिऱ्हाईक स्कॅन करते तरी का?

हिंगणघाटचा_फ्लेक्सवाला:
भाऊ, रेराच्या कोडले हात लावू नका. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी नंबर अन् वेबसाइटच्या बाजूले तो छापणं सक्तीचं आहे, नाही तर 50 हजारापर्यंत दंड. पाम्प्लेटही जाहिरातच धरतात. मी तर रेराचं मॅटर कोडाशिवाय छापायलेच घेत नाही. उद्या पार्टी म्हणणार, फ्लेक्सवाल्यानंच उडवला.

आता तुमच्या फ्लेक्सचं. रोडवरून माणूस मोटरसायकलनं जाते. गाडी लावून, नालीपलीकडं उतरून, गाजरगवतात उभं राहून स्कॅन कोण करणार बापा? आमचा साधा हिशेब असा, की जेवढ्या लांबून स्कॅन करायचं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी कोडची रुंदी पाहिजे. दहा फुटावरून असेल तर एक फुटाचा कोड. तुमचा कोपऱ्यातला वीतभर तरी आहे का? रोडच्या फ्लेक्सवर फोन नंबर मोठा करा अन् रेराचा कोड वाचता येईल एवढा ठेवा. व्हिडिओवाला काढून टाका. तो बसस्टँडवर, चहाच्या हॉटेलात, कृषी केंद्राच्या काउंटरवर लावा. जिथं माणूस बसते अन् हातात मोबाईल असते, तिथं स्कॅन होते.

अजून एक. डिझायनर पोरं कोडले हिरवा रंग देतात अन् मागं शेताचा फोटो टाकतात. काळा कोड, पांढरी जमीन, बस. चारी बाजूनं पांढरी पट्टी सोडायची, कोडातल्या चार बारक्या चौकटींएवढी. ही पट्टी कापली की अर्धे मोबाईल कोड ओळखतच नाहीत. हे कोड 1994 मध्ये जपानात मोटारीच्या सुट्या भागांसाठी निघाले, त्यामुळं मळ अन् ओरखडे सोसायची सोय त्यात आहे. कोड काढताना ही सोय सर्वात वरच्या लेव्हलची घेतली तर 30 टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचता येते. पण लिंक लांबलचक असली की चौकटी इतक्या बारीक होतात, की उन्हानं शाई उडाली का संपलं. लिंक लहान ठेवा.

मास्तर_देवळी:
मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. गेल्या वर्षी मुलासाठी प्लॉट पाहत होतो. एका ले-आउटचा कोड स्कॅन केला तर ड्रोनचा व्हिडिओ सुरू झाला, वर ढणढण गाणं. शेतात नेटवर्क जेमतेम, चाक नुसतं फिरत राहिलं. मला काय हवं होतं? चालू सातबारा, एनएचा आदेश, मंजूर नकाशा आणि कोणता प्लॉट विकला गेला, कोणता शिल्लक. शेवटी रेराचाच कोड कामी आला. त्या पानावर प्रकल्प पूर्ण करायची तारीख, मंजुऱ्या, जमिनीवर कोर्टकेस आहे का, सारं दिसतं. केस दिसली आणि मी परत फिरलो. तुमची कागदं सरळ असतील तर त्या कोडची भीती कशाला? उलट त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहा, ‘आमचे कागद तपासा’.

वरूडचा_दलाल:
मास्तर बरोबर बोलले. पण आमच्याकडे अडचण वेगळीच आहे. कोड दिसला का म्हातारा म्हणते, ‘स्कॅन केलं का पैसे कटते’. किराणा दुकानात, पेट्रोलपंपावर कोड म्हणजे पैसे देणं, एवढंच त्यायले माहीत. म्हणून मी कोडाखाली मराठीत लिहितो: ‘स्कॅन करा, नकाशा पहा. पैसे लागत नाहीत’. तेवढ्यानं फरक पडला.

अन् हे ध्यानात घ्या, इकडं प्लॉट बाप पाहते पण ठरवते पुण्यातला पोरगा. बाप फ्लेक्सचा फोटो काढून पोराले व्हॉट्सअॅपवर धाडते. आता पोराच्याच मोबाईलमध्ये फोटो, तर कॅमेरा त्यावर धरणार कसा? गूगल लेन्सनं होते, पण तेवढी खटपट कोण करते? म्हणून बाप साइटवर आला, की त्याच्यासमोरच त्याच्या मोबाईलवरून पोराले लिंक पाठवा. लिंकच, कोडचा फोटो नाही.

फ्लेक्स महिन्यातून एकदा पाहूनही या. आमच्या कोडावर दुसऱ्याच कोणी आपलं स्टिकर चिकटवलं होतं. गिऱ्हाईक आमच्या ले-आउटसमोर उभं अन् फोन लावून राहिलं त्याले.

आर्वीचा_प्लॉटवाला:
स्टिकरचं तर डोक्यातच नव्हतं आलं! मालकाले सांगतो: रोडवर रेराचा कोड अन् फोन, पाम्प्लेटवर रेराचा अन् कागदाचा (सातबारा, एनए, नकाशा दाखवणारा). व्हिडिओचं त्याच्या पोराले वाईट वाटन, पण ते तो पाहून घेईन. फ्लेक्सवाले भाऊ, कागदाच्या लिंकचा कोड फुकटच्या साइटवरून काढला तर चालते का?

हिंगणघाटचा_फ्लेक्सवाला:
साधा कोड फुकट काढा, तो कधी बंद पडत नाही, फक्त ज्या पानाची लिंक दिली ते पान चालू पाहिजे. ‘नंतर लिंक बदलता येते’ वाला घेतला तर तो त्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून जाते. ट्रायल संपला, पैसे नाही भरले, तर छापलेली सारी पाम्प्लेटं बाद. प्लॉट विकले तसा नकाशा बदलायचाच असेल, तर लिंक तीच ठेवून आपल्या पानावरचा नकाशा बदला. अन् फाइल सीडीआरमध्ये (कोरलड्रॉची मूळ फाइल) धाडा, व्हॉट्सअॅपवरचा जेपीजी नको. आधी ए-फोरवर प्रिंट मारून दोन-तीन जुन्या मोबाईलनं स्कॅन करून पाहू, मग मशीनले लावू.