प्रोग्रामिंग समजलं की नाही, हे संकल्पना-नकाशावरून कळतं का?

धागालेखिका
पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. यंदा मुलांना व्हेरिएबल (किमतीला दिलेलं नाव), लिस्ट (किमतींची यादी), फंक्शन (नाव दिलेला प्रोग्रामचा तुकडा), पॅरामीटर (फंक्शन बाहेरून जे घेतं ते) असे शब्द दिले. कागदावर मांडा, बाणांनी जोडा आणि प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा, एवढंच सांगितलं. हाच संकल्पना-नकाशा. ही पद्धत जोसेफ नोवाक यांनी १९७०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात, मुलांची विज्ञानाची समज तपासताना विकसित केली.

जिचं प्रॅक्टिकल कधी अडत नाही, अशा मुलीने 'व्हेरिएबल'पासून 'लिस्ट'कडे बाण काढून लिहिलं, 'आत साठवतं'. मी विचारलं: ए = [१, २], मग बी = ए, मग बी.अपेंड(३), म्हणजे बी च्या शेवटी ३ जोडा. आता ए काय? ती ठामपणे म्हणाली, [१, २]. खरं उत्तर [१, २, ३], कारण लिस्ट एकच, नावं दोन. वर्षभर तिच्या प्रोग्राममध्ये ही चूक दिसली नव्हती. माझं मत: प्रॅक्टिकलच्या वहीतले (जर्नलमधले) दोन प्रयोग कमी करा, पण नकाशा घ्या.

ड्राय रन
असहमत. चूक नकाशाने पकडली नाही, तुमच्या प्रश्नाने पकडली. नकाशात 'आधी' आणि 'नंतर' नसतं, आणि प्रोग्राम म्हणजे तर क्रमच. ए = ५, बी = ए, ए = ७. बी किती? गणितातली बरोबरी डोक्यात असलेली मुलं ७ म्हणतात. कागदावर तक्ता आखून एकेक ओळ चालवली की ५ आपोआप दिसतं.

रिकर्शनचं तर विचारूच नका. 'फंक्शन स्वतःला बोलावतं' हा बाण अगदी बरोबर असतो. पण ४ च्या फॅक्टोरियलमध्ये (४ × ३ × २ × १) ४ चा गुणाकार सर्वांत शेवटी का होतो, हे त्याच मुलाला सांगता येत नाही.

धागालेखिका
रिकर्शनचं मान्य. पण वर्गात ६० मुलं आहेत. कुणाला कोणता प्रश्न विचारायचा, हे मला त्या बाणावरूनच सुचलं.

मागचा बाक
मी मराठी माध्यमातून आलो. 'पॅरामीटर पास करणे' हे शब्द दोन वर्षं तोंडपाठ होते. ओरललाही चालून गेले. बाणावर मराठी क्रियापद लिहायला बसलो तेव्हा अडलो: फंक्शनला आपण वस्तू देतो, तिची प्रत देतो, की फक्त कुठे आहे ते दाखवतो? सी भाषेत साधा इंटिजर (पूर्णांक) दिला तर प्रत जाते, पायथनमध्ये लिस्ट दिली तर तीच लिस्ट. हा फरक मला त्या दिवशी कळला. तक्ते मी आधीही भरले होते, शेजारच्याचे बघून.

ड्राय रन
शेजारच्याचा नकाशाही उतरवता येतो! गुण ठेवलेत की पुढच्या वर्षी सगळे नकाशे एकसारखे येतील.

धागालेखिका
म्हणूनच गुण ठेवलेले नाहीत. मंगळवारी रिकर्शन आहे. आधी तुमचा तक्ता भरून घेते आणि मग नकाशा. दोन्ही कागद माझ्याकडेच ठेवीन.