इराणच्या शाहची रस्ताखीज पार्टी इतक्या लवकर बुडाली कशी?

इराणच्या क्रांतीबद्दल वाचताना हे नाव आलं. मार्च १९७५ मध्ये शाहने काढली आणि १९७८ संपायच्या आत खेळ खल्लास. सैन्य हाताशी, सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा हाताशी, तेलाचा पैसा धो धो येतोय, मग या माणसाला पार्टी काढायची हौस कशाला?

प्रतिसाद १:
आधी दोन पार्ट्या होत्याच की, ईरान नोवीन आणि मर्दुम. लोक त्यांना 'हो' पार्टी आणि 'होय महाराज' पार्टी म्हणायचे 😄 शाहला तेवढं सोंगही नको झालं, दोन्ही मोडल्या, आणि वर दम की राज्यघटना, राजेशाही आणि माझी श्वेतक्रांती (म्हणजे त्याचा जमीनवाटप वगैरे सुधारणांचा कार्यक्रम) मान्य असेल तर आत या, नाहीतर पासपोर्ट घ्या आणि निघा. एकच पक्ष ठेवणं हे हुकूमशहांचं काम असं १९६१ मध्ये त्यानेच लिहिलेलं, बोला आता.

प्रतिसाद २:
हौस नव्हती हो, लोक आपल्यामागे उभे करायचे होते. पण घात झाला बाजारात. महागाई भडकली ती मुळात तेलाच्या पैशाच्या उधळपट्टीने, खापर फोडलं व्यापाऱ्यांवर. १९७५ च्या ऑगस्टपासून पार्टीची कॉलेजातली पोरं दुकानात घुसून भाव तपासायला लागली, हजारोंना दंड, कित्येक आत. आता हा दुकानदार १९६३ च्या उठावानंतर शाहच्या फारसा वाटेला गेला नव्हता, आपलं गल्ला सांभाळून होता, पण मशिदीला, मदरशाला पैसा यांच्याच खिशातून जायचा ना! हद्दपार धर्मगुरू खोमेनींनी इराकमधल्या नजफमधून पार्टीत जाणं हराम ठरवलेलंच होतं, त्यांना घरबसल्या माणसं मिळाली.

प्रतिसाद ३:
आणि कॅलेंडर विसरलात! मार्च १९७६ मध्ये हिजरी सन काढून प्राचीन इराणी सम्राट सायरसपासून वर्षं मोजायला घेतली, १३५५ चं एकदम २५३५. मुल्लांना अजून काय हवं. १९७८ मध्ये शरीफ-इमामी पंतप्रधान झाल्यावर ते मागे घेतलं, पण तोवर रस्ते पेटले होते.

प्रश्नकर्ता:
बाजाराचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला, थँक्स. पण निवडणूक तरी घेतली का?

प्रतिसाद २:
घेतली की, जून १९७५ मध्ये, सगळे उमेदवार एकाच पार्टीचे. पहिला सरचिटणीस होवेदा, बारा वर्षं पंतप्रधान राहिलेला. नोव्हेंबर १९७८ मध्ये शाहनेच त्याला अटक करवली, स्वतः जानेवारीत विमानाने निघून गेला, होवेदा मागेच राहिला आणि एप्रिलमध्ये नव्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या.