इंदूरहून पुण्याला मोटरसायकल रेल्वेनं न्यायची आहे: लगेज की पार्सल?

लोकमान्यनगरकर
नमस्कार मंडळी. १२५ सीसीची बीएस६ (नव्या प्रदूषण निकषांची) मोटरसायकल पुण्याला न्यायची आहे. गाडी वडिलांच्या नावावर आहे, पासिंग एमपी ०९. इंदूर–दौंड एक्स्प्रेसचं माझं तिकीट काढलेलं आहे. लगेजमध्ये टाकावी की पार्सलमध्ये? पॅकिंग घरी केलं तर चालतं का? टाकीत थोडं पेट्रोल ठेवता येतं का?

बिल्टीवाला
तिकीट आहे तर लगेजच करा. दर पार्सलपेक्षा जास्त पडतो, पण मोटरसायकल तुमच्याच ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) चढते. पार्सलला तिकीट लागत नाही. मात्र जागा मिळेल त्या ट्रेननं जातं, तोवर फलाटावर पडून राहतं.

इंदूरला सोय अशी की ट्रेन इथूनच सुटते, चढवायला वेळ मिळतो. खरी काळजी पुण्याची. ट्रेन तिथे संपत नाही, दौंडला जाते. मोटरसायकल दुसऱ्या मालामागे अडकली तर उतरवायची राहून जाते आणि मग दौंडहून परत आणवण्याचा व्याप. म्हणून गोणपाटावर दोन्ही बाजूंनी जाड मार्करनं ‘इंदूर ते पुणे’ आणि बिल्टीचा (बुकिंगच्या पावतीचा) नंबर लिहा, तसंच एक पुठ्ठ्याचं लेबल हँडलला तारेनं बांधा. चढवताना हमालांना दाराजवळ ठेवायला सांगा. पुण्याला उतरलात की आधी ब्रेकव्हॅन गाठा.

कागद: आरसी, विमा आणि तुमचं ओळखपत्र, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. वडिलांचं सही केलेलं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रतही जवळ असू द्या. ट्रेनच्या तीन-चार तास आधी पोचा. किंमत जाहीर करून त्यावरचं जादा शुल्क भरलं नाही, तर नुकसानभरपाई वजनाच्या हिशोबानं ठरते आणि ती फार तुटपुंजी असते. पावती जपा, तिच्याशिवाय गाडी सोडवताना त्रास होतो. ठरलेल्या वेळेत उचलली नाही तर तासांवर वारफेज (माल पडून राहिल्याचं शुल्क) लागतं.

पाना-पकड
पेट्रोलचं उत्तर एकच: थेंबही नको. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली धोकादायक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंद ब्रेकव्हॅनमध्ये वाफ कोंडते, म्हणून हा नियम.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक (पेट्रोलची तोटी) असतो. नळी काढली की टाकी रिकामी, मग कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करायचा. बहुतेक बीएस६ गाड्यांना कॉक नसतो, पंप टाकीच्या आत असतो. हातपंपाच्या नळीनं पेट्रोल उपसा. ‘इंजिन चालवून संपवा’ हा सल्ला मात्र ऐकू नका; तो पंप पेट्रोलनंच थंड राहतो, कोरडा फिरला की खराब होतो. पुण्यात दोन लिटर भरून तीन-चार वेळा किल्ली चालू-बंद करा, मग स्टार्टर मारा.

पॅकिंग घरी चालतं, घट्ट हवं इतकंच. आरसे काढून पिशवीत घ्या. टाकी, हेडलाइट आणि इंडिकेटरवर आधी फोम किंवा जाड पुठ्ठा, मग गोणपाट, वर सुतळी. क्लच-ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल करा, म्हणजे धक्का बसला तर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. हे बहुतेक जण विसरतात. हँडल लॉक करू नका, गिअर न्यूट्रलमध्ये. नंबरप्लेट उघडी ठेवा, बिल्टीशी ताडून बघतात.

लोकमान्यनगरकर
आभार! आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आधी काढावी लागेल का?

बिल्टीवाला
बुकिंगसाठी नाही. पण महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर नवं पासिंग करावं लागतं, आणि त्यासाठी इंदूर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. थकलेली चलानं भरून टाका. कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा लागतो, तो गोणपाट शिवण्याआधीच दोन-तीन कागदांवर घेऊन ठेवा.