47 कोटी 35 लाख म्हणजे किती मिलियन? भागायचं की गुणायचं?

शिरोलीची अकाउंटंट:
कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी अकाउंट्स बघते. आमचं कास्टिंग जर्मनीला जातं. तिथल्या गिऱ्हाइकानं व्हेंडर फॉर्म पाठवला, त्यात वर्षाची उलाढाल 'रुपये, मिलियनमध्ये' भरायची होती. आमची उलाढाल 47 कोटी 35 लाख. कोटी म्हणजे दहा मिलियन, एवढं पाठ होतं. कोटी मोठा, मिलियन लहान, म्हणून आकडाही लहान होणार असं धरून दहानं भागलं आणि 4.735 लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मेल: तुमच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा आमची मे महिन्यातली एकच ऑर्डर मोठी कशी? ऑर्डर 62 लाखांची होती! मालकांनी मेल मोठ्यानं वाचला. पॅटर्न शॉपमधली पोरं अजून हसतायत.
473.5 हवं होतं, हे आता कळलंय. पण घाईत परत उलटं करणार, मला माहितीय. तुम्ही कसं लक्षात ठेवता?

निवृत्त मास्तर:
ताई, पाचशेची नोट मोडून पन्नासच्या घेतल्या तर नोटा वाढतात की कमी होतात? तुम्ही कोटी मोडून मिलियन घेताय. नोटा वाढणारच, दहापट. लाखाचं उलटं. दहा लाख जमतील तेव्हा एक मिलियन, म्हणून तिथं भागायचं. 62 लाख म्हणजे 6.2.
बिलियन म्हणजे आपला अब्ज, 100 कोटी. आणि लाख कोटी म्हणजे ट्रिलियन, तिथं गणितच नाही, नुसतं नाव बदलायचं. केंद्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प सुमारे 50.65 लाख कोटींचा, म्हणजे 50.65 ट्रिलियन रुपयांचा.
अब्जाच्या वर मात्र जपून. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातल्या क्रमानं खर्व म्हणजे 10 अब्ज, पण हिंदीतला खरब 100 अब्जांचा. हिंदी बातमीवरून मराठी करणारे इथं हमखास घसरतात.

एक्सेलवाला:
नोटा वगैरे ठीक आहे, पण मी शब्दांच्या नादी लागतच नाही. आकडा पूर्ण लिहायचा: 47,35,00,000. स्वल्पविराम खोडायचे आणि उजवीकडून तीन-तीन अंकांवर नव्यानं द्यायचे: 473,500,000. शेवटचे दोन गट झाकले की उरलेले मिलियन. आणि रुपयाचे युरो करायचे असतील तर ते याच्यानंतर. दोन्ही एकदम करायला गेलं की चूक कुठं झाली तेही सापडत नाही.

म्युनिकचा मराठी:
इथं अजून एक गंमत आहे. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब. तुमचा 473.5 त्यांच्या कागदावर 473,5 होईल, आणि पूर्ण आकडा 473.500.000. त्यांनी '1.250 नग' लिहिलं तर ते साडेबाराशे नग असतात.
अब्जाला इथं मिलियार्ड म्हणतात. जर्मनमध्ये 'बिलिऑन' ऐकलात तर तो इंग्रजीतला बिलियन नव्हे, थेट लाख कोटी. पहिल्या वर्षी बातम्या ऐकताना माझी भंबेरी उडायची.

शिरोलीची अकाउंटंट:
मास्तर, नोटांचं पक्कं बसलं, आभारी आहे. पण म्युनिकवाले दादा, तुम्ही झोप उडवलीत. आमच्या ब्रॅकेटचं वजन सव्वा किलो. पॅकिंग लिस्टवर मी दर वेळी '1.250 किलो' टाकते. ते लोक साडेबाराशे किलो वाचत असतील का?

म्युनिकचा मराठी:
खोक्याचा आकार बघून त्यांना कळत असेल हो, पण कागदावर तरी तोच अर्थ होतो. पुढच्या वेळी 1250 ग्रॅम टाका, मध्ये टिंबही नको आणि स्वल्पविरामही नको.