आईचा घोटा वाकडा जुळलाय. सांधा बंद करायचा की हाड कापून सरळ? सल्ला हवा

सुप्रिया_लालबाग
नमस्कार मंडळी. मागच्या जुलैत आई (५६) दादरच्या पुलाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली. उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. एका नर्सिंग होममध्ये सहा आठवडे प्लास्टर होतं. सूज उतरल्यावर ते इतकं सैल झालं की आत दोन बोटं जायची. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा "चालतं तेवढं" म्हणाले.

आता दहा महिने झालेत. हाड जुळलंय, पण पाऊल बाहेर फिरलंय. चपलेची आतली कड पार झिजली आहे. जिना उतरताना आई कठडा धरून आडवी उतरते. एक डॉक्टर म्हणतात सांधा फिक्स करून टाका, म्हणजे कायमचा बंद, दुखणं संपेल. दुसरे म्हणतात हाड कापून सरळ करू. रिपोर्टवर एवढंच आहे: ‘वेबर बी, मालयुनियन’ (म्हणजे वाकडं जुळलेलं). आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काय करावं?

श्रीरंग_ठाणे
सुप्रियाताई, फिक्स करायला घाईने हो म्हणू नका. एकदा सांधा बंद केला की तो परत मोकळा करणं सोपं नसतं.

माझं असंच वाकडं जुळलं होतं, २०१९ मध्ये ऑपरेशन झालं. तेव्हा कळलं ते सांगतो. वेबर ए, बी, सी म्हणजे बाहेरचं बारीक हाड, फिब्युला, कुठल्या उंचीवर मोडलं तेवढंच. ते ताज्या मोडीचं वर्गीकरण आहे. वाकडं जुळल्यावर प्रश्न वेगळे असतात. फिब्युला आखूड झालंय का, बाहेर फिरलंय का? फिब्युला आणि नडगीच्या हाडामधला जोड उघडा राहिलाय का? आतलं किंवा मागचं हाड सरकलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, किती शिल्लक आहे?

फिब्युला आखूड राहिलं की पावलाचं वरचं हाड बाहेर सरकतं. १९७६ मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन या संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की ते १ मिमी जरी बाहेर सरकलं तरी सांध्यात हाडं एकमेकांना टेकतात ती जागा सरासरी ४२ टक्क्यांनी घटते. सगळा भार उरलेल्या जागेवर पडतो आणि कूर्चा झिजत जाते. म्हणून फार थांबूही नका.

कूर्चा बऱ्यापैकी असेल तर फिब्युला कापून, लांब करून, फिरवून जागेवर आणतात. मधे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात आणि प्लेट लावतात. माझी कंबर पायापेक्षा जास्त दुखली, आईंना आधीच सांगून ठेवा. कूर्चा पार गेली असेल तर मात्र पहिले डॉक्टर बरोबर आहेत.

उभं राहून, भार देऊन दोन्ही घोट्यांचा एक्स-रे काढा, आणि दोन्हींचा सीटी स्कॅन. चांगला पाय हेच माप असतं. आडवं झोपवून काढलेल्या फिल्मवर सरकणं लपू शकतं.

मृणाल_फिजिओ
श्रीरंगदादांशी सहमत. माझ्याकडून दोनच गोष्टी. मधुमेह आहे, तर तळपायाची संवेदना तपासून घ्या आणि तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, आधी आटोक्यात आणा. नाहीतर जखम चिघळते, हाड जुळत नाही. आणि आई मिश्री लावतात का? लावत असतील तर आजच बंद. तंबाखू हाडाला जुळू देत नाही. ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार नाही. लालबागला चाळीत राहत असाल तर संडासाची सोय आधी बघा, माझ्या पेशंटचं तिथेच अडतं.

सुप्रिया_लालबाग
मिश्री लावते, ४० वर्षं. काल डबी माझ्याकडे घेतली. रडली, पण दिली.

श्रीरंग_ठाणे
हॉस्पिटलचं राहिलं. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे अस्थिव्यंग विभाग आहेत. तुम्हाला केईएम जवळ. जुन्या सगळ्या फिल्म न्या, अगदी पहिल्या दिवसाचीसुद्धा. "घोट्याची अशी किती ऑपरेशनं करता?" हे डॉक्टरांना सरळ विचारा, यात काही वावगं नाही.

सुप्रिया_लालबाग
उभ्याने एक्स-रे काढला. आतल्या बाजूची फट डावीकडे ३ मिमी, उजवीकडे ६. पण वरची फट दोन्हीकडे सारखी दिसते, कूर्चा असावी असं डॉक्टर म्हणाले. सीटी गुरुवारी आहे. आई विचारतेय, कमरेचं दुखणं किती दिवस होतं?

श्रीरंग_ठाणे
तीन आठवडे, ताई. खोकताना उशी दाबून धरायला सांगा.